गुरुवारची मुलगी

बाबा गेले त्याच्या आदल्या दिवशी आम्ही वारज्याच्या घरी मटार सोलत होतो. म्हणजे मी सोलत होते, बाबा खात होते. तेवढ्यात गरजू विद्यार्थ्यांना मदत करणाऱ्या संस्थेतून अनिरुद्ध लिमयांचा फोन आला. हल्ली ऐकू कमी येतं म्हणून बाबांनी स्पीकर लावला.

"माधवराव, दीपमालाच्या शिष्यवृत्तीचं काय करायचं? परतफेडीची होती ती. नव्या समितीला वसतिगृह दुरुस्त करायचंय, म्हणून जुनी येणी उकरून काढलीत. जामीन तुम्ही आहात."

"मग मीच भरतो. तिला त्रास देऊ नका."

"अहो, ती आता मोठ्या कंपनीत आहे!"

"असू दे. मी तिला बक्षीस आहे म्हणून सांगितलं होतं. परत द्यायचेत म्हटलं असतं, तर शिक्षण सोडून गावी गेली असती."

फोन ठेवून त्यांनी पुन्हा मटार तोंडात टाकले. मी शेंगा जरा जोरातच सोलायला लागले.

दीपमाला यवतमाळकडची. कॉलेजात असताना तिने जेवणाचे वार लावले होते, रोज वेगळ्या घरी. आमच्याकडे गुरुवार. आई तेव्हा होती, ती आग्रह करून वाढायची. मग बाबा ताटावरच तिला गणित समजावत बसायचे, हात वाळेपर्यंत. माझं गणित चांगलं होतं, त्यामुळे माझ्याजवळ कुणी बसलं नाही. मला आर्किटेक्चरला जायचं होतं. त्याच संस्थेची शिष्यवृत्ती मिळालीही असती, पण बाबा समितीवर होते. "आपल्या घरात घ्यायची नाही," एवढंच म्हणाले. मी बी.कॉम. केलं. नियम योग्यच होता. मला राग नियमाचा नाही, दीपमालाचा यायचा.

त्या फोनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा अंघोळीला गेले. दार तोडावं लागलं.

तेरावा झाल्यावर मी चेक घेऊन मंडईजवळच्या संस्थेच्या कार्यालयात गेले. लिमयांसमोर दीपमाला बसली होती. तिच्याही हातात चेकबुक होतं.

"उल्काताई, मला लिमयेसरांकडून कळलं. माधवरावसर स्वतः काहीच बोलले नाहीत हो. दर गुरुवारी आमचा फोन व्हायचा, तरी एका शब्दाने नाही."

दर गुरुवारी. बाबा त्या संध्याकाळी गच्चीवर फिरायला जायचे. मीही येते म्हटलं की म्हणायचे, नको, तुझे गुडघे दुखतील.

"ते मी भरणार आहे," मी म्हणाले.

"असं कसं? शिकले मी."

"शब्द बाबांनी दिला होता."

लिमयांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पैसे न भरण्यावरून इथे पुष्कळ भांडणं झाली. हे नवीनच आहे. चहा मागवू, की आधी निकाल लागू दे?"

दीपमालाने पेनाचं टोपण काढलं.

"ताई, मला भरू द्या," दीपमाला म्हणाली. "मी बंगळुरूला होते, त्यांना शेवटचं बघायलाही पोचले नाही." आणि ती रडायला लागली, अगदी सख्ख्या मुलीसारखी. मी अजून रडले नव्हते. तेही तिनेच आधी करायचं होतं.

लिमये हळू आवाजात म्हणाले, "नियमाने दीपमालाचे घ्यायला हवेत. पण माधवरावांचा शब्द आहे. उल्का, तुम्ही म्हणाल तसं."

मी चेक टेबलावर ठेवला, त्यावरचा हात मात्र काढला नाही.

"तू यायचीस तेव्हा मी आतल्या खोलीत दार लावून बसायचे," मी तिला म्हणाले. "कान बाहेर असायचे. तुझं गणित चुकावं, बाबा तुझ्यावर चिडावेत, याची वाट बघत. ते कधीच चिडले नाहीत. मला तुझा हेवा वाटायचा, दीपमाला. आत्ता, या खुर्चीत बसूनही वाटतोय. त्यांनी शेवटची गोष्ट मनावर घेतली तीही तुझीच. ती पुरी करणं तरी माझ्याकडे राहू दे."