पाडव्यापर्यंतचा डबा

संगिताचं डोकं चार दिवसांपासून तापलेलं होतं. तांड्याच्या पाण्याची मोटर जळाली आणि ठपका आला तिच्या मायवर, रूपाबाईवर. बारा वर्षं मोटरघराची किल्ली रूपाबाईच्या कमरेला होती. तांड्याचा नायक अमरसिंग यानं ती चारचौघांत काढून घेतली, कारण मोटरचा डबा बसवणाऱ्या कंपनीनं तो न उघडताच कागदावर लिहिलं होतं: वापरणाऱ्याची चूक.

चूक म्हणे! मोटर चालू-बंद करणारा तो दीडशहाणा डबा दिवाळीत बसवला, तेव्हापासून रूपाबाईला बटणाला हात लावायचीही मुभा नव्हती. विहिरीत पाणी किती, हे डबाच ठरवायचा.

वारंगा फाट्यावर संगिताचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. डबा तिथं नेऊन तिनं उघडला, आतली मेमरी कॉम्प्युटरला लावून वाचली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. डबा दर मिनिटाला पाण्याची पातळी लिहायचा, तीही जुनं पुसून त्याच एका जागी. अशी जागा लाखभर वेळा पुसणं सोसते, मग मरते. एकाच ठिकाणी खोडरबर घासलं की वहीचं पान फाटतं, तसंच. बाकीची सगळी मेमरी कोरी करकरीत पडली होती. संक्रांतीला ती जागा मेली. तिथला कचरा डब्यानं ‘विहीर भरली’ असा वाचला आणि कोरड्या विहिरीवर मोटर जळेस्तोवर चालवली.

कंपनीचा इंजिनिअर विश्वंभर नवा डबा घेऊन तांड्यावर आला, तेव्हा संगितानं हे सगळं नायकाच्या दारात, लोकांसमोर मांडलं.

"जाऊ द्या ना ताई, नवा डबा फुकट देऊन राहिलो," विश्वंभर म्हणाला.

"ह्यो जागा बदलून लिहितो का? वाचलेलं खराब निघालं तर मोटर बंद करतो का?"

"प्रोग्राम तोच आहे. तो वरून येतो."

"मंग दिवाळीचा डबा संक्रांतीला मेला, तसा पाडव्यापर्यंत ह्यो बी मरतो. लिहून द्या, पाडव्याच्या पुढं चालंल, न्हाई चालला तर चूक कंपनीची. करा सही."

तिनं कागद त्याच्यापुढं आपटला. विश्वंभरनं पेन काढला, टोपण उघडलं, कागदाकडं बराच वेळ पाहिलं आणि टोपण परत लावलं. सगळा तांडा बघत होता.

अमरसिंग उठला. खिशातली किल्ली काढून त्यानं रूपाबाईपुढं धरली. रूपाबाईनं हात पुढं केला नाही.

"कंपनीचा कागद वाचला तुमी, नायक," ती म्हणाली. "मला काहून इचारलं न्हाई?"