वारा पडल्यावर

आठवडाभर लेक कानीकपाळी ओरडत होती, "आई, तुझं घर पाण्याच्या काठाला, पत्रे खिळखिळे झालेत. आमच्याकडे चल." आई ढिम्म हलेना. "जावयाच्या दारात मी बोचकं घेऊन उभी राहायची नाही," हे तिचं ठरलेलं उत्तर. जावई प्लंबर, स्वभावाने गरीब. पण सासूबाईंच्या लेखी कायम उपराच.

मग वादळ किनाऱ्याला धडकलं. सकाळभर वाऱ्याने गल्लीत नुसता धुमाकूळ घातला. फोन मुका झाला. नवराबायको ओट्याखाली अंग चोरून बसली होती आणि लेकीच्या डोळ्यांपुढून आईचे पत्रे काही हलत नव्हते.

दुपारी सगळं एकदम थांबलं. ऊनही पडलं. हा वादळाचा मधला भाग आहे, वारा उलट्या दिशेने पुन्हा येणार, बाहेर पडू नका, असं रेडिओवाल्याने घसा फोडून सांगितलं होतं. तिने ते ऐकलंही होतं. पण दारात लख्ख ऊन दिसल्यावर रेडिओ कोणाला आठवतो!

"अहो, जा ना, आईला घेऊन या. नाही म्हणाली तर उचलून आणा."

"त्या मला हात लावू देतील?" तो हसला, चपला सरकवल्या आणि बाजाराच्या रस्त्याने निघाला.

थोड्या वेळाने मागचं दार वाजलं. बाहेर आई, चिखलाने माखलेली.

"स्वयंपाकघरावरचा पत्रा उडाला गं. म्हटलं, पुरे झाला हट्ट. शाळेमागून आले. जावई कुठेत?"

लेक नवऱ्याला हाका मारत रस्त्यावर धावली. तोवर आभाळ काळवंडलं आणि वाऱ्याने तिला मागे लोटलं. आईनेच तिला कमरेला धरून आत ओढलं.

संध्याकाळी शेजाऱ्यांनी त्याला आईच्या घराच्या ढिगाऱ्यातून बाहेर काढलं. तो गेला होता. समोरच्या दुकानदाराने त्याला परत फिर म्हणून विनवलं होतं. पण सासूबाई आत कुठेतरी अडकल्यात, असं म्हणत तो खोल्या धुंडाळत राहिला.

"जन्मात कधी माझं ऐकलं नाहीस," लेक आईवर ओरडली, "आणि ऐकलंस ते आजच?"

बोलून गेली आणि तिला रडू फुटलं. 'जा' म्हणणारी तीच होती.

आई उठली, दारापर्यंत गेली आणि तिथेच थांबली. जायला घर उरलं नव्हतं.

"बस खाली," लेक म्हणाली. पण तिला आईकडे बघवेना.