नाण्याला चिकटलेले तांदूळ

लोटन पाटलाच्या ओट्यावर माणूस मावत नव्हतं. ब्राह्मणपुरीहून, पार शहाद्याहून लोक मोटरसायकली काढून आले होते. मधे पाटावर पितळी ताट, ताटात मूठभर तांदूळ. लोटनने मारुतीचं नाणं वर धरलं की दाणे टुणकन उडून त्याला चिकटत, आणि बाया पदर पसरत. द्रोणागिरी उचलणारा देव इथे तांदळाचे दाणे उचलत होता, पण ते कुणाला खटकत नव्हतं.

लोटनचं लक्ष मात्र भिंतीला टेकून बसलेल्या लेकीकडे, भाविकाकडे होतं. ही त्याची एकुलती एक पोर, चौथीतली. तिला फिट यायच्या. शहाद्याच्या दामिनी डॉक्टरांच्या गोळ्यांनी त्या कमी झाल्या, पण पुरत्या थांबल्या नाहीत. एकदा ती वर्गात पडली, तेव्हापासून पोरं तिच्या शेजारी बसेनात. तिच्यासाठी लोटन काहीही करायला तयार होता, आणि असा बाप फसवायला फार अक्कल लागत नाही.

नाणं त्याने मोबाइलवरून मागवलेलं. फोटोत ते सोन्यासारखं झळकत होतं, जुन्या काळातलं, घरातली पीडा घालवणारं. डबीतून निघालं ते काळपट, खरबरीत कडांचं. मारुतीचं तोंडही धड उमटलेलं नव्हतं. त्याची बायको मीनाबाई ते उलटसुलट पाहून म्हणाली, "परत धाडी द्या. येन्हामा काही दम नही." लोटनचाही जीव खट्टू झाला होता. त्याने परत पाठवायचं बटण दाबलं.

लगेच विकणाऱ्याचा फोन आला. आवाज मधाळ. बंधू, नाणं परत करताय? अहो, ते झोपलंय, प्रवासानं शिणलंय! डबीत सिद्ध तांदळाची पुडी आहे, तिच्यावर धरा, जागं होईल. तांदूळ मात्र तेच हवेत, दुसऱ्यांनी शक्ती उतरते. आणि इंग्रजी औषधाची उष्णता त्याला सोसत नाही. गोळ्या बंद करा, नाणं बुडवलेलं पाणी पाजा. माल परत येऊ नये म्हणून माणूस काय वाटेल ते बोलतो. पण तांदूळ खरोखर उडाले, आणि लोटनने गोळ्यांचं पाकीट फडताळात वर सारलं. तीन-चार दिवसांत बातमी पसरली आणि ओटा भरला. नाणं न्यायला कुरिअरवाला उद्या येणार होता. त्याला तसाच परत पाठवायचं त्याने ठरवून टाकलं.

आणि त्या गर्दीतच भाविकाचा हात वाकडा झाला. ती ओट्यावर आडवी पडली, डोळे वर गेले, तोंडाला फेस आला. एरवी फिट थोड्या वेळात उतरे. ही उतरेना. लोटन नाण्याचं पाणी घेऊन धावला, तर मीनाबाईने पेला उडवून दिला आणि ती गाडीसाठी ओरडत सुटली.

शेजारच्या रंजनाबाईने रिवाजाप्रमाणे लोटनच्याच डब्यातला मूठभर तांदूळ आणून पोरीवरून उतरवला. भगताकडून दाणा पाहायचा, म्हणजे दाण्यांवरून दुखण्याचं कारण काढायचं, तर तो आजाऱ्याच्या घरचा लागतो, परक्याचा चालत नाही, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. पुडी फोडताना लोटनला मात्र ते सुचलं नव्हतं. आता त्याने त्या मुठीवर नाणं धरलं.

"मन्ही पोरले वाचाड, देवा."

एकही दाणा हलला नाही. त्याने नाणं आणखी खाली नेलं, दाण्यांवर टेकवलं, घासलं. लोक हळूहळू ओट्यावरून उतरू लागले.

दवाखान्यात दामिनी डॉक्टरांनी भाविकाला कुशीवर वळवलं, इंजेक्शन दिलं, मग दुसरं दिलं. शेवटी पोरीचं अंग सैल पडलं. गोळ्या कधी बंद केल्या, असं त्यांनी विचारलं. लोटनने मूठ उघडली आणि नाणं टक्कन लोखंडी खाटेला जाऊन चिकटलं. त्याने ओढून काढलं, ते पुन्हा चिकटलं.

त्याच्याकडून सगळं ऐकून डॉक्टरांनी खिशातली उरलेली पुडी मागून घेतली आणि चार दाणे ओल्या कापसावर चोळले. कापूस काळा झाला. "लोखंडाचा भुगा आहे, दाण्यांना लावलेला. नाणं म्हणजे लोहचुंबक. चमत्कार एवढाच," त्या म्हणाल्या. "गोळी एकदम तोडलीत, म्हणून फिट अशी उसळली. आणखी उशीर झाला असता तर मी काही करू शकले नसते."

लोटन भिंतीशी खाली बसला. पोरीच्या जिवावर आपणच उठलो होतो, हे त्याला आता कळत होतं.

सकाळी भाविकाने डोळे उघडले. बराच वेळ तिने बापाला ओळखलं नाही. मग ओठ हलले. "पप्पा, पाणी दे." लोटन उठला तशी ती घाबरून म्हणाली, "नाणानं नको."

दुपारी कुरिअरवाल्याचा फोन आला. नाणं दिलं असतं तर पैसे परत मिळाले असते. पण ते पुन्हा त्या मधाळ आवाजाच्या हाती जाईल, तिथून कुण्या दुसऱ्या बापाच्या घरी, जिथे अशीच एक पोर असेल. "नही देनं," लोटन म्हणाला.

पोलिसांत तक्रार देऊन तो त्याच ओट्यावर बसला. लोक पुन्हा जमले. त्याने पुडीतला तांदूळ सगळ्यांसमोर धुतला. पाणी काळं झालं आणि वर नाणं धरलं तरी धुतलेला दाणा जागचा हलला नाही. मग त्याने एवढंच मागितलं. कुणी चमत्कार दाखवला तर त्याने दिलेले तांदूळ बाजूला सारा, आपल्या डब्यातले आणा आणि मग बघा. आणि लेकराची गोळी डॉक्टरला विचारल्याशिवाय कधी बंद करू नका.