वीरची गूळतुला

वीर रिटायर झाला.

पण हे झालंच नाही असं घरात ठरलंय, तेव्हा तुम्हीही वाचलं नाही असं समजा.

वीर माझा मोठा भाऊ. अमेरिकन फुटबॉलमध्ये डिफेन्सच्या अगदी मधोमध उभा राहतो. काम एकच: समोरून दोन धिप्पाड माणसं ढकलायला आली तरी जागचं हलायचं नाही. बारा सीझन तो हलला नाही. एक मॅच चुकली नाही, एक हाड मोडलं नाही. समोरची माणसं म्हातारी होऊन घरी गेली; वीर तिथेच. लांबून बघितलं तर मैदान त्याच्याभोवती नंतर आखल्यासारखं वाटतं.

आता त्याला थांबायचं होतं. आई म्हणाली, थांब की, पण आधी नवस फेडू. तो शाळेत खेळायला लागला तेव्हा ती देवीला बोलून बसली होती, की पोरगा शेवटपर्यंत धडधाकट राहिला तर त्याची गूळतुला करीन. तेव्हा वीर चाळीस किलोंचा होता. नवसाला वजनाची मर्यादा घालावी हे तिला सुचलं नाही. ती डॉक्टर आहे, वकील नाही. नवस फिटेपर्यंत रिटायरमेंट धरायची नाही, असं ठरलं.

बाळकाकांची हयात गाड्यांची सस्पेन्शन्स बनवण्यात गेली. त्यांनी गॅरेजमध्ये तराजू वेल्ड केला. आमच्या गावातला, मिशिगनमधल्या ट्रॉयमधला, सगळा गूळ विकत घेऊन संपला, तेव्हा आईने नावावर विश्वास ठेवून टेक्सासमधल्या शुगर लँड गावच्या प्रीतामावशीला फोन केला. तिथून दोन ढेपा आल्या.

देवळाच्या हॉलमध्ये वीर पारड्यात मांडी घालून बसला. बाहेर मार्चमधला बर्फ पडत होता. दुसऱ्या पारड्यात ढेपा चढत गेल्या, पार छतापर्यंत. ट्यूबलाइट गुळाआड गेली आणि हॉलभर मधासारखा उजेड पसरला. एवढ्या थंडीत कुठूनशा मुंग्या आल्या. गूळ वीरच्या दुप्पट झाला, तरी पारडं हलेना.

"वीर, अंग सैल सोड रे," आई म्हणाली.

"ते कसं सोडायचं, आई? मला कुणी शिकवलंच नाही."

आईने पदर खोचला आणि ढिगावर चढून टोकाशी बसली. वीरचं पारडं धुरासारखं वर गेलं. तो डोळे मिटून तरंगत राहिला, हेलकावे खात. बारा सीझनमध्ये पहिल्यांदाच त्याला कुणी उचललं होतं.

"झालो रिटायर," तो हळूच म्हणाला.

श्रीरंग गुरुजी खाकरले. म्हणाले, कांचनताई, नवस गुळाचा होता, तुमचा नाही.

आई उतरली. वीरही पारड्यासकट धाडकन उतरला, त्याचा आवाज पार्किंगपर्यंत गेला.

सप्टेंबरमध्ये नवा सीझन सुरू झाला आणि वीर पुन्हा मैदानाच्या मधोमध उभा राहिला. हलला नाही. त्या रात्री मी घरच्यांतर्फे अर्ज केला:

प्रति, गुरुत्वाकर्षण विभाग, पृथ्वी. महोदय, येत्या मार्चच्या पहिल्या शनिवारी, सकाळी दहा ते सव्वादहा, ट्रॉयच्या देवळातील डाव्या पारड्यापुरते आपले कामकाज स्थगित ठेवावे, ही नम्र विनंती. उजव्या पारड्यास, म्हणजे गुळास, ही सवलत लागू करू नये.