पिवळी टेप

“खलीलभाई, तोंड का उतरलं तुमचं?” लाइट लावणाऱ्या निशाने शिडीवरूनच विचारलं.

“काय नाय. स्पीकर चालू केला का कोणी?”

“कुठं? करंट यायचाय अजून.”

ते खलीललाही ठाऊक होतं. जनरेटर बंद होता. तरीही स्टेजच्या कडेच्या स्पीकरमधून त्याने आत्ताच भूपेशचा आवाज ऐकला होता. एक, दोन, अडीच. भूपेश माईक तपासताना तीन कधी म्हणायचाच नाही. तीन म्हटलं की काम संपलं, मग चहा कोण पाजणार, असं त्याचं शास्त्र होतं. त्याला जाऊन चार वर्षं झाली, पण नवं स्टेज उभं राहिलं की तो खलीलच्या कानाशी हजर व्हायचा.

कशेळीच्या त्या गोदामात ‘पत्रा’ नावाच्या रॉक बँडची तालीम होती. मग कोल्हापूरपासून सोळा शहरांचा दौरा. गिटार घेऊन नाचणाऱ्या पोरांना लोक डोक्यावर घेतात. त्यांच्या पायाखालून जाणाऱ्या केबली कोणी टाकल्या, हे विचारायला कोणाला सवड असते? खलीलची सत्तावीस वर्षं त्या केबली अंथरण्यात आणि गुंडाळण्यात गेली होती.

या लोकांचा एक कायदा होता. जनरेटरजवळ जमिनीत रॉड ठोकून ज्याने अर्थिंग जोडलं, त्यानेच स्टेजवरचा पहिला माईक धरायचा. जोडणाऱ्याने आधी स्वतःचा जीव पणाला लावावा, मग दुसऱ्याचा. जोड कोणाचा हे कळावं म्हणून प्रत्येकाच्या टेपचा रंग ठरलेला होता. खलीलचा हिरवा, भूपेशचा पिवळा.

चार वर्षांपूर्वी नाशिकच्या एका मैदानावर खलीलची टेप ऐन वेळी संपली. “माझी लाव. तुझी मी आत्ता बाजारातून आणतो,” असं म्हणून भूपेशने आपला रोल फेकला. खलीलने अर्थिंग जोडलं, वर पिवळी टेप गुंडाळली. तेवढ्यात घरून फोन आला. लेक हफसा दहावी पास झाली होती, तीही पंच्याऐंशी टक्क्यांनी. बाप हरखून पेढे आणायला पळाला, आणि त्या घाईत जोडाचा बोल्ट आवळायचा राहिला.

इकडे बँडवाले खोळंबले. कोणीतरी पिवळा रंग बघून, नुकत्याच बाजारातून परतलेल्या भूपेशला हाक मारली. दोस्ताचा जोड आहे, या विश्वासाने तो गेला, माईक धरला आणि शॉक बसून जागीच कोसळला. खलील पेढ्यांचा खोका घेऊन परत आला तेव्हा सगळं आटोपलं होतं. चौकशीत लिहिलं गेलं की मयताच्याच हातून जोड ढिला राहिला. खलील गप्प बसला. भ्याला, दुसरं काय. पेढे त्याच्या घशाखाली त्या दिवसापासून उतरले नाहीत.

भूपेशचे वडील, कोन गावचे केसरीनाथकाका, मग याच गोदामाच्या गेटवर वॉचमन म्हणून लागले. गोदामाच्या मालक शेठच्या त्या उपकाराखाली म्हातारा वाकला तो वाकलाच. ट्रक बाहेर पडताना ते दर वेळी गेटला हात लावून म्हणायचे, “जॉइंट नीट बगा रं पोरांनो. माज्या पोराची चूक झाली, तुमची नको व्हायला.” ड्रायव्हर सवयीने तेवढ्यापुरते थांबायचे. खलील मात्र खाली मान घालून निघून जायचा.

तेव्हापासून त्याने अर्थिंगला हात लावला नव्हता. आज ते काम करणारा प्रितेश तापाने पडला आणि काम त्याच्याच गळ्यात आलं. तो गोदामामागे रॉडच्या खड्ड्यात मिठाचं पाणी ओतत होता, तेव्हा केसरीनाथकाका समोर येऊन उभे राहिले. त्यांच्या हातात भूपेशची हत्यारांची बॅग होती.

“पोराच्या आयनं, सीताबाईनं, घरातला वरचा माला आवरला आज. चार वर्सं हिला हात लावायची हिंमत न्हाय झाली तिची. तुमच्या कामाला येल, घे.”

खलीलने चेन उघडली. पक्कड, टेस्टर, अर्धा उरलेला पिवळा रोल. त्याखाली एक कोरा हिरवा रोल, प्लास्टिकही न काढलेला.

“ह्यो हिरवा तर तुजा ना? त्याच्याकडं कसा?” काकांनी विचारलं.

खलीलने तो रोल उलटापालटा करून पाहिला. भूपेशने टेप आणली होती. ती घ्यायला खलीलच जागेवर नव्हता.

“काका, त्या दिवशी अर्थिंग मी जोडलं होतं. टेप फक्त त्याची होती. बोल्ट माझा ढिला राहिला.”

“आनि चौकशीत तू बोलला न्हाय?”

“नाय बोललो. घाबरलो, काका.”

“म्हंजे माज्या पोराची चूक न्हवती.”

“नव्हती.”

“न्हवती ना?”

“नव्हती, काका.”

“चार वर्सं मी सगल्यांची माफी मागत व्हतो,” काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला नाही. खलीलला वाटलं, आता हे मारतील. मारलं असतं तर त्याला बरंच वाटलं असतं. पण काकांनी वाकून बॅग उचलली, हिरवा रोल तेवढा काढून दगडावर ठेवला.

“ही बॅग न्हाय मिलायची तुमाला. शेठ चारला येतील. त्यांना सांगायचं, माज्यासमोर.”

“सांगतो.”

काका गेटकडे गेले. खलीलने बोल्ट आवळला, हाताने हिसडा देऊन पाहिला, पुन्हा आवळला. मग हिरवा रोल फोडून जोडावर टेप गुंडाळली. भूपेशने आणलेली टेप.

जनरेटर सुरू झाला. खलील स्टेजवर चढला आणि चार वर्षांनी त्याने पहिला माईक धरला.

“एक,” तो म्हणाला. “दोन.”

तो थांबला, कान देऊन वाट बघत राहिला. स्पीकरमधून नुसती बारीक घरघर येत होती. आज तिथे कोणी नव्हतं, आणि खलीलला एकदम फार एकटं वाटलं.

उघड्या शटरमधून गेट दिसत होतं. स्टेजचे पाइप घेऊन कोल्हापूरला निघालेला पहिला ट्रक तिथे सवयीने थांबला होता.

“काका, आज काय सांगत नाय?” ड्रायव्हरने खिडकीतून विचारलं.

“सांगायचं काय न्हाय. जा.”

ट्रक गेला. केसरीनाथकाका पोराची बॅग खांद्याला लावून गेटात ताठ उभे होते.