दुसऱ्या फोनवर

भजनाच्या दोन ओळी झाल्या आणि फोन गप्प झाला. पुष्पाबाईंनी पिठाचे हात पदराला पुसले, पडद्यावर बोट आपटलं. पुन्हा दोन ओळी, पुन्हा गप्प.

“देख वं नूतन, रोज दिवाबत्तीले हाईच नाटक करस. दिवसभर नीट वाजस.”

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकीला माहेरी आणायला भाऊ जातो. यंदा नूतनला आणायला जळगावला बाप गेला होता. आल्यापासून नूतन त्या फोनला लागली होती. रेंज पाहिली, अ‍ॅप काढून पुन्हा टाकलं, गाणी परत उतरवून घेतली. डोकं खाल्लं नुसतं त्या डबड्याने. शेवटी तळाशी बारीक अक्षरांत आलेली ओळ तिने वाचली: ‘हे खाते दुसऱ्या फोनवर सुरू असल्याने गाणे थांबवले आहे.’

खातं योगराजचं होतं, तिच्या भावाचं. दोन पावसाळ्यांपूर्वी तो तापीत पोहायला उतरला तो वर आलाच नाही. तीन दिवस जाळी टाकली, देह मिळाला नाही. फोनही त्याच्याबरोबरच गेला, असं तिचे वडील, आबा, म्हणाले होते. त्याने ‘मायसाठी’ म्हणून भजनांची यादी करून ठेवली होती, म्हणून दिवाळीत आईला फोन देताना नूतनने त्यात त्याचंच खातं टाकलं.

“काय लिखेल शे?”

नूतनला खोटं बोलता आलं नाही.

“माय, योगराजच्या फोनवर कोणीतरी ऐकतंय. आत्ता.”

पुष्पाबाईंनी ओसरीकडे पाहिलं. तिथे नवी कोरी घागर ठेवली होती. उद्या आखाजीला गेलेल्यांच्या नावाने तिच्यात पाणी भरायचं. गेल्या वर्षी त्यांनी योगराजची घागर भरू दिली नव्हती. देह दिसल्याशिवाय पोराला मेल्यात कसं काढायचं, म्हणाल्या होत्या. यंदा कशाबशा तयार झाल्या होत्या.

“जित्ता शे तो,” त्या हळूच म्हणाल्या. “मी सांगत नव्हती का?”

नूतन वडिलांना बोलवायला मागच्या गोठ्याकडे गेली आणि दारातच थांबली. आत भजन वाजत होतं, अगदी बारीक आवाजात. धनसिंग आबा गव्हाणीच्या कडेला बसले होते. कानाशी योगराजचा फोन.

त्यांना तिने घरात आणलं. ते बायकोकडे न पाहता बोलले.

“हाऊ फोन काठवर त्याना कपडास्मा सापडना व्हता. तुले दिधा असता ते तू दिवसभर तोच धरीसन बसती.”

“आनि तुम्ही?”

आबांनी फोन बंद केला आणि घागरीशेजारी ठेवून दिला. पुष्पाबाई रडल्या. घडीभरापूर्वी त्यांचा मुलगा जिवंत झाला होता, आणि आता तो दुसऱ्यांदा गेला. बराच वेळ त्यांना कोणी हात लावला नाही.

“भरा मंग घागर,” डोळे पुसत त्या म्हणाल्या. “मी आडवी येत नही.”

आईला जरा बरं वाटावं म्हणून नूतनने भजन लावलं. आता अडवायला कोणी नव्हतं.

दोन ओळी झाल्या. फोन गप्प झाला. खाली तीच ओळ.

आबांनी योगराजचा फोन उचलून उलटसुलट करून पाहिला. पडदा काळाच होता.

“नेट मागे-पुढे होतं, आबा,” नूतन म्हणाली. “बंद केलेलं कळायला वेळ लागतो त्याला.”

तिने खात्यात जाऊन पाहिलं. दोन नावं होती. ‘हा फोन’. ‘योगराज’. योगराजच्या नावासमोर हिरवा ठिपका होता आणि खाली भजनाचं नाव. तिघंही त्या ठिपक्याकडे बघत राहिले. मिनिट गेलं, मग दुसरं. ठिपका विझला नाही. मग भजनाचं नाव बदललं. पहिलं संपलं होतं, यादीतलं दुसरं लागलं होतं.

त्याखाली लाल अक्षरं होती: ‘बाकी सर्व फोन काढून टाका’. नूतनचं बोट तिकडे गेलं. पुष्पाबाईंनी तिचं मनगट धरलं.

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “ऐकू दे त्याले.”

धनसिंग आबा उठले. त्यांनी ओसरीतली घागर उचलली, आत नेली आणि पालथी घालून ठेवली.