तुळजाची हूल आणि मी

मित्रांनो, माझ्यावर पाय देणाऱ्याचा मला राग येत नाही. मी एक जुनी रबरी पट्टी आहे आणि पाय सोसणं हेच माझं काम आहे. त्याआधी मी एका ट्रकच्या टायरमध्ये होते. हैदराबादच्या रस्त्यावर इतकी पळाले की अंगावरची नक्षी पार झिजली, आणि शेवटी बीदर जिल्ह्यातल्या मन्नाएखेळ्ळीला पंक्चरच्या दुकानात येऊन पडले.

दुकानदार माणिकप्पा माझ्या चपला करणार होता. तेवढ्यात शाळेचे खेळाचे मास्तर मृत्युंजय सर आले आणि त्यांनी दोन फूट लांब तुकडा मागितला. "बेसबॉलला लागतो," ते म्हणाले. माणिकप्पाने तो खेळ जन्मात पाहिला नव्हता, पण मला कापलं मात्र अगदी सुतात. सरांनी मला पांढरा रंग फासला आणि चार खिळे ठोकून मैदानाच्या मधोमध बसवलं. ही दोन हजार तीन सालची गोष्ट. चपला होण्यापासून वाचले, याचं मला आजही बरं वाटतं.

चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला पिचर म्हणतात. त्याचा एक पाय मला टेकलेला असावा लागतो. त्यामुळे पिचरच्या मनात काय चाललंय ते पंचांच्या आधी मला कळतं. कितीतरी पाय आले आणि गेले, पण तुळजाच्या पायाची सर कुणाला आली नाही.

तुळजा आठवीत होती. तिचे आजोबा मेंढरं घेऊन रानोमाळ हिंडायचे. वडील लिंगाप्पा आणि आई बाणूबाई आता शेतमजुरी करायचे. ज्वारी भरात आली की तुळजा शेतातल्या माळ्यावर उभी राहून गोफणीने पाखरं हाकायची, म्हणून तिच्या हातात भलताच जोर होता. पण त्याच माळ्यावर तिला एक खोडही लागली होती. दरवेळी दगड कोण वाया घालवणार? नुसता हात उगारून हूल दिली तरी पाखरं भुर्रकन उडायची.

इथे तीच हूल अंगाशी आली. धावणारी मुलगी बेसवर, म्हणजे धाव पुरी करायला गाठायच्या चार टप्प्यांपैकी एकावर, उभी असताना पिचरने माझ्यावर पाय ठेवून चेंडू टाकायची सुरुवात केली, तर तो टाकावाच लागतो. मध्येच थांबलं किंवा पहिल्या बेसकडे नुसती हूल दिली, की पंच "बॉक" पुकारतात. मग बेसवरच्या सगळ्या मुलींना एकेक बेस फुकट मिळतो. शेजारच्या गावाशी झालेल्या सामन्यात तुळजाने तीन बॉक केले आणि जिंकत आलेला सामना घालवला. दरवेळी तिची टाच माझ्यावर थरथरायची. मी ओरडू शकले असते तर ओरडले असते.

नुसत्या सामन्याचं असतं तर मी एवढी घाबरले नसते. दसऱ्यानंतर लिंगाप्पा आणि बाणूबाई हैदराबादला इमारतीच्या कामावर जाणार होते. बीदरच्या क्रीडा वसतिगृहात जागा मिळाली तरच तुळजाची शाळा टिकणार होती, नाहीतर तिलाही घमेली उचलायला जावं लागणार होतं. आणि दर सामन्यात बॉक करणारी पिचर कोण निवडणार?

सरांनी मला उपटून सायकलला बांधलं आणि थेट तुळजाच्या अंगणात नेलं. पोरीला लबाड ठरवलं म्हणून लिंगाप्पा घुश्शातच होता.

"पाखरं उडवायची तर हूल द्यावीच लागती, सर. त्यात लबाडी कसली?"

"लिंगाप्पा अण्णा, हूल द्यायला ना न्हाई," सर म्हणाले. "पण आधी पाय पट्टीवरून मागं काढायचा. मग ती पिचर राहत न्हाई. मग कितीबी हूल देऊ दे."

"मला ध्यानातच राहत न्हाई, सर. हातच उठतोय आधी," तुळजा रडवेली होऊन म्हणाली.

बाणूबाई भाकरी थापत होती. हात न थांबवता ती म्हणाली, "कामून रडायलीस? आपल्यात घोंगडीवर बसून कुणी लबाड बोलतंय का? मेंढराचा सौदा असू दे न्हाईतर सोयरीक. बोल फिरवायचा असंल तर आधी घोंगडीवरून उठायचं. ही पट्टी म्हंजे घोंगडी समज."

सरांनी वर्षभर नियमाचं पुस्तक वाचून दाखवलं, तेव्हा जे डोक्यात शिरलं नाही ते एका भाकरीच्या वेळात शिरलं. त्या दिवसापासून तुळजाची टाच माझ्यावर शांत झाली. खरं सांगते, मला फार अभिमान वाटला. टायरच्या तुकड्याला घोंगडीचा मान कोण देतं?

वसतिगृहाची निवड बीदरच्या जिल्हा स्पर्धेत व्हायची. तिथल्या मैदानावर पट्टीच नव्हती, म्हणून अंतिम सामन्यालाही मलाच नेलं. समोर तोच शेजारच्या गावचा संघ. शेवटचा डाव होता. आम्ही एका धावेने पुढे होतो आणि त्यांची एकच मुलगी बाद व्हायची राहिली होती. पण त्यांची एक मुलगी तिसऱ्या बेसवर होती. आता बॉक झाला असता तर ती फुकटात घरच्या, म्हणजे शेवटच्या बेसवर आली असती आणि धाव मिळून बरोबरी झाली असती. तुळजाची खोड त्या मुलींना पाठ होती. त्या सगळ्या "बॉक, बॉक" म्हणून ओरडतच होत्या.

ती मुलगी बेस सोडून पुढे पुढे सरकू लागली. तुळजाची टाच माझ्यावर थरथरली आणि माझा जीव टांगणीला लागला. मग माझ्यावरचं ओझं हलकं झालं. तिने पाय मागे काढला होता.

मग तिने हात उगारून झकास हूल दिली. बॉक झालाच असं समजून ती मुलगी रमतगमत घरच्या बेसकडे निघाली. पंचांचा हात काही वर गेला नाही. तुळजाने चेंडू घरच्या बेसमागे झेल घ्यायला बसलेल्या नागरत्नाकडे फेकला आणि नागरत्नाने तो त्या मुलीच्या खांद्याला टेकवला. ती बाद झाली आणि आम्ही जिंकलो. मी तर सुटकेने मातीत अजून बोटभर खचले असेन.

संध्याकाळी वसतिगृहाच्या यादीत तुळजाचं नाव लागलं. सामना बघायला आलेला लिंगाप्पा खिळे उपसायला माझ्याशेजारी उकिडवा बसला.

"हूल दिलीसच की गं," तो म्हणाला.

"घोंगडीवरून उठून दिली, अप्पा."

खांद्यावरच्या उपरण्याने लिंगाप्पाने आधी डोळे पुसले, मग मला पुसलं.

मित्रांनो, आता माझ्या कडा फाटल्यात आणि खिळ्यांची भोकं मोठी झालीत. खेळण्याआधी माझ्यावरची माती तेवढी झाडत जा. मी पायाला नीट लागले पाहिजे. आणि मन बदललं तर खुशाल बदला, फक्त आधी पाय मागे घ्या. मी कुणाला धरून ठेवत नाही.